पाण्यात तेल, तेलात पाणी

बॉनेट उघडल्यावर मिस्त्रींनी आधी कूलंटच्या डब्यावर तळहात टेकवला. गार लागला, मगच झाकण फिरवलं. एक बोट आत घातलं, बाहेर काढून उजेडात धरलं. बोटावर हिरवं पाणी यायला हवं होतं. आली ती बदामी रंगाची साय. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत त्यांनी ती चोळली, वास घेतला आणि गाडीच्या मालकांकडे वळून म्हणाले, "सर, पाण्यात तेल आलंय, हे तर दिसतंच. आता तेलात पाणी गेलंय का, ते बघू."

सर म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक. साताऱ्याबाहेर महामार्गाच्या सर्व्हिस रोडला असलेल्या या पत्र्याच्या गॅरेजात ते पहिल्यांदाच आले होते. गाडी नऊ वर्षांची डिझेल हॅचबॅक. आठवड्यापूर्वी पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा वर गेला होता, आणि एका मोठ्या वर्कशॉपमध्ये डब्यातली साय बघून दोन मिनिटांत निकाल लागला होता: हेड गॅस्केट उडालं, इंजिन खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून सर गप्प बसले होते. इथे मिस्त्रींचं वाक्य ऐकून मात्र त्यांचे कान टवकारले. पाण्यात तेल आणि तेलात पाणी, शब्द तेच दोन; फरक फक्त सप्तमीचा प्रत्यय कुणाला लागला एवढाच. आयुष्यभर मुलांच्या वह्यांमध्ये विभक्तीखाली लाल रेघ ओढलेल्या माणसाला हे लगेच पटलं.

प्रत्ययाचा हा फरक रसायनशास्त्रालाही मान्य आहे, आणि स्वयंपाकघरालाही. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले चरबीचे बारीक थेंब. लोणी म्हणजे चरबीत अडकलेले पाण्याचे थेंब. ताक घुसळताना रवी जे करते ते हेच: घुसळता घुसळता एका क्षणी प्रत्यय या शब्दावरून त्या शब्दावर उडी मारतो आणि लोण्याचा गोळा वर येतो. गाडीतली रवी म्हणजे वॉटर पंप. तेलाचा थेंब पाण्याच्या वाटेत शिरला की पंपाचा पंखा त्याला मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने चिरडतो. नुसतं पाणी नि नुसतं तेल असतं तर थोड्या वेळाने वेगळंही झालं असतं. पण इंजिन ऑइल नुसतं तेल नसतं. काजळी आणि मळ धरून ठेवण्यासाठी त्यात डिटर्जंट घातलेले असतात. या रेणूंचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. म्हणजे इंजिन स्वच्छ ठेवायला घातलेला पदार्थच इथे साय जमवायच्या कामी लागतो.

मिस्त्रींनी ऑइलची पट्टी ओढली. फडक्यावर पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा ओढली. तेल काळं, डिझेलचं असतं तसंच; कुठेही दुधाळ छटा नाही, आणि पातळी खालच्या खुणेच्या जरा खाली. मग त्यांनी तेल ओतायच्या तोंडावरचं झाकण काढलं. आतून पिवळसर पांढरा थर. सरांचा चेहरा पडला, कारण मोबाइलवर त्यांनी नेमका असाच फोटो बघितला होता आणि त्याखाली इंजिन संपल्याचं भाकीत होतं. मिस्त्री हसले. "रोज बाजारापर्यंत जाता-येता, नाय का? दोन किलोमीटर?" सर होय म्हणाले. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. आतल्या दमट हवेतलं बाष्प झाकणाच्या थंड पत्र्याला लागून पाणी होतं आणि तिथल्या तेलाच्या वाफेत मिसळून साय धरते. खालचं तेल मात्र निर्मळ असतं. या एका झाकणाने किती धडधाकट इंजिनं खोलायला लावली असतील, देव जाणे.

तरी खात्री हवीच. गॅरेजच्या कोपऱ्यात चहाची शेगडी होती. मिस्त्रींनी पत्र्याचा एक तुकडा तिच्यावर तापवला, शेगडी विझवून खाली घेतला आणि पट्टीच्या टोकावरचा तेलाचा एक थेंब त्यावर सोडला. थेंब पसरला, पातळ झाला, किंचित धुरकटला. आवाज नाही. मग तुलनेसाठी डब्यातल्या सायीचा थेंब टाकला. तो मोहरीसारखा तडतडला आणि बुडबुडे फुटून चट्ट्यासारखा चिकटला. तेलात पाण्याचा अंश असेल तर तापलेल्या पत्र्यावर तो वाफ होऊन आवाज करतो. वंगणतेलाच्या प्रयोगशाळांतही ही चाचणी करतात. तिथे हॉटप्लेट ठरावीक तापमानाला धरलेली असते. इथे चहाची शेगडी होती.

म्हणजे प्रत्यय ठरला: पाण्यात तेल आहे, तेलात पाणी नाही. निदान ओरडून सांगण्याइतकं तरी नाही.

याला इतकं महत्त्व का, तर दोन्हींची तातडी वेगळी. कूलंट म्हणजे बहुतेक वेळा निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकोल. हे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, जे साताऱ्यात कुणाच्या उपयोगाचं नाही. पण ते उकळतंही 107 अंशांच्या आसपास, आणि डब्याच्या झाकणाने एक बार दाब धरून ठेवला की उत्कलनबिंदू सव्वाशेच्या पुढे जातो. घाटात उपयोग होतो तो याचा. हेच ग्लायकोल इंजिन ऑइलमध्ये शिरलं तर तेलाचा पातळ थर मोडतो, आम्लं तयार होतात, गाळ धरतो आणि क्रँकच्या बेअरिंगचा घास जातो. अशी गाडी ढकलत न्यावी, पण चालवू नये. उलट पाण्यात तेल शिरलं तर मरण सावकाश येतं: रेडिएटरच्या बारीक नळ्यांना आतून लेप बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, रबरी पाइप फुगतात आणि एखाद्या घाटात काटा वर चढतो. म्हणून पहिल्या तपासात नुसतं "मिक्स झालंय" म्हणून भागत नाही.

प्रत्ययामागे दाबाचं एक साधं गणित आहे. चालू इंजिनात तेलाचा दाब दोन ते चार बार असतो. पाण्याचा फार तर एक. मधल्या भिंतीला भोक पडलं तर इंजिन चालू असेपर्यंत जोर तेलाचा. चावी बंद केली की तेलाचा दाब काही सेकंदांत शून्यावर येतो, पण गरम पाण्याचा दाब अर्धा-पाऊण तास टिकतो, आणि तेवढ्या वेळात पाणी तेलाकडे सरकू शकतं. एकाच भोकातून दिवसाची वाहतूक एका दिशेने आणि रात्रीची दुसऱ्या दिशेने. सरांना हे चाळीतल्या भाडेकरूंसारखं वाटलं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मिस्त्रींनी मान डोलावली, पण हातातलं काम सोडलं नाही.

मग तेल शिरतं कुठून? संशयित मोजकेच असतात. पहिला, ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं तो: हेड गॅस्केट. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेला हा पातळ पापुद्रा तीन शेजाऱ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो: जळणारा वायू, पाणी आणि तेल. आजच्या डिझेल इंजिनात वायूचा दाब दीडशे बारच्या पुढे जातो. त्यात धातूंचा स्वभाव वेगळा. जुन्या अँबॅसडरच्या इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचंच, त्यामुळे दोघं सारखेच फुगत. आता हेड अॅल्युमिनियमचं असतं. चाळीस सेंटिमीटर लांबीचं हेड ऐंशी अंशांनी तापलं की सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतं. खालचा बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानेच. प्रत्येक फेरीला हा फरक गॅस्केटच्या अंगावरून घासत जातो. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीचं 1988 सालचं के-सिरीज इंजिन गॅस्केटच्या आजाराने बदनाम झालं. वजनाला हलकं, पाणी कमी पिणारं, हेडपासून तळापर्यंत आरपार गेलेल्या लांबलचक बोल्टांनी एकत्र आवळलेलं. रचना खरोखर देखणी. पण गॅस्केट जाऊन पाण्याच्या टाकीत साय जमलेल्या रोव्हर तिथल्या गॅरेजांना इतक्या सवयीच्या झाल्या, की इंजिनाची बाकीची हुशारी लोक विसरूनच गेले.

दुसरा संशयित ऑटोमॅटिक गाड्यांतला. त्यांच्या गिअरबॉक्सचं तेल अनेकदा रेडिएटरच्या पोटातल्याच एका नळीतून थंड होऊन येतं. ते तेल लाल असतं, म्हणून ती नळी फुटली की साय बदामी न येता गुलाबी येते, थेट स्ट्रॉबेरी मिल्कशेकच्या रंगाची. अमेरिकेत 2005 ते 2010 या काळातल्या निसान पाथफाइंडर गाड्यांमध्ये हा दोष इतका आढळला की प्रकरण कोर्टात गेलं. तिथे नुकसान पाण्याचं कमी आणि गिअरबॉक्सचं जास्त. आतल्या क्लचच्या चकत्यांना पाणी लागलं की त्यांचं अस्तर सुटतं. सरांची गाडी साध्या गिअरची, त्यामुळे हा संशयित बाद.

तिसऱ्याचं नाव सर्वांत कमी घेतलं जातं. ऑइल कूलर. तेलाच्या फिल्टरला चिकटून बसलेली, हाताच्या पंज्यात मावणारी अॅल्युमिनियमची डबी. आत पातळ पत्र्यांची चळत. एका फटीतून तेल, शेजारच्या फटीतून पाणी, पुन्हा तेल, पुन्हा पाणी. पत्रा जितका पातळ तितकी उष्णता लवकर पलीकडे जाते. ही विद्या जुनी आहे. डाइमलरच्या विल्हेल्म मायबाखने 1900 साली पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात 8,070 बारीक चौकोनी नळ्या होत्या. आणि तेवढ्याने गाडीला लागणारं पाणी नऊ लिटरवर आलं. पातळ भिंतींनी मोटारीला वेग दिला. पातळ भिंतींचं दुखणंही मग ओघानेच आलं.

मिस्त्रींनी घाई केली नाही. आधी वायूची चाचणी. काचेच्या नळीत निळा द्रव भरून ती कूलंटच्या तोंडावर बसवायची आणि इंजिन चालू ठेवून वरची हवा त्यातून खेचायची. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग हिरवट-पिवळा होतो. साय नळीत शिरू नये म्हणून त्यांनी डब्यातली पातळी आधी खाली उतरवली. दहा मिनिटं झाली, निळा निळाच राहिला. मग हातपंपाने कूलंटच्या वाटेत एक बार हवा भरली आणि चहा मागवला. चहा संपला तरी गेजचा काटा जेमतेम हलला होता. बाहेर कुठे थेंबही नाही.

एवढ्यावर हेड गॅस्केट निर्दोष सुटत नाही, हे मिस्त्रींनी स्वतःच सांगितलं. तेलाची आणि पाण्याची वाट यांच्यामध्येच ते फाटलं असेल तर वायूची चाचणी गप्पच राहणार. "पण सर, हेड उतरवायचं म्हणजे दोन दिवस. कूलर उतरवायचा म्हणजे दोन तास. आधी दोन तासवाला बघू." इतका साधा हिशेब आधीच्या वर्कशॉपमध्ये कुणालाच का सुचला नाही, हा प्रश्न सरांनी विचारला नाही. उत्तर कदाचित अनुमानपत्रकाच्या आकड्यातच होतं.

कूलर बाहेर आला. त्याच्या दोन भोकांना रबरी बुचं, एका तोंडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेली पट्टी. हे जुगाड मिस्त्रींचं स्वतःचं. प्लॅस्टिकच्या बादलीत गार पाणी घेतलं, कूलर बुडवला, हवा भरली. दोघंही वाकून बघत होते, पंक्चर काढणाऱ्याच्या घमेल्यात बघतात तसे. काहीच नाही. एकही बुडबुडा नाही. सरांच्या मनात पुन्हा तो खर्चाचा आकडा डोकावला.

मिस्त्रींनी पाणी ओतून दिलं आणि शेगडीवरचं वाफाळतं पाणी बादलीत घेतलं. कूलर पुन्हा बुडवून ते उकिडवे बसले. मिनिटभर काही नाही. मग डाव्या तोंडातून, जिथून फक्त पाणी यायला हवं तिथून, साबुदाण्याच्या दाण्याएवढा एक बुडबुडा सुटला. थांबला. दुसरा. मग त्यांची माळच लागली, सुईने ओवल्यासारखी. धातू तापून पसरला तेव्हा आतल्या जोडाची चीर उघडली होती. गार असताना ती मिटलेली होती. खंबाटकीच्या चढावर तेलाने याच चिरेतून वाट काढली होती. रात्री थोडं पाणी उलट गेलंही असेल, पण ते गरम तेलातून वाफ होऊन उडालं असावं. मिस्त्रींनी बुडबुड्यांकडे बघत फक्त "हां" म्हटलं. सरांच्या मते त्या दिवसातला तो सर्वांत मोठा अभिप्राय होता.

कूलरखालच्या रबरी रिंगाही बघण्यासारख्या होत्या. गोल असायला हव्यात त्या दाबून चपट्या झालेल्या, नखाने दाबलं तर खूण उमटत नाही इतक्या कडक. नवा कूलर, नव्या रिंगा, नवं फिल्टर आणि नवं तेल. बोल्ट आवळताना मिस्त्रींनी टॉर्क रेंच काढला. सहा मिलिमीटरचा बोल्ट, 10 न्यूटन-मीटर. इथे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. जास्त पिळलं की अॅल्युमिनियममधला आटाच निघून येतो.

दुरुस्ती दुपारी संपली. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

बिघाड काढणं एक आणि बिघाडाने केलेली घाण काढणं दुसरं, आणि दुसरं नेहमीच कंटाळवाणं. रेडिएटरच्या खालच्या पाइपमधून जे बाहेर पडलं त्याला द्रव म्हणणं कठीण होतं. ते आधी पातळ आलं, मग दाट, मग खरवसासारखे गठ्ठे. थर्मोस्टॅट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत वॉल, त्यांनी काढूनच ठेवला, म्हणजे पाणी सगळीकडे अडथळ्याविना फिरेल. हीटरचा खटका पूर्ण गरमवर, कारण डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरात साय अडकली तर ती महिनोन्महिने थोडी थोडी परत येत राहते. भांडी घासायचा साधा साबण त्यांनी वापरला नाही. त्याचा फेस होतो, आणि फेसात वॉटर पंप नुसती हवा खेचतो. डिशवॉशर मशिनची, फेस न होणारी पावडर त्यांनी गरम पाण्यात विरघळवून भरली, इंजिन तापेपर्यंत चालवलं, गार होऊ दिलं, सोडलं. मग साधं पाणी, पुन्हा तसंच. पावडर क्षारधर्मी असते आणि अॅल्युमिनियमला फार वेळ लागलेली बरी नाही, म्हणून दोन पावडरींच्या मध्ये साध्या पाण्याच्या फेऱ्या जास्त.

सरांनी तिथल्या बाकावर बसून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला. खालचा पाइप सोडला तरी ब्लॉकमधलं सगळं पाणी निघत नाही, समजा निम्मं आतच राहतं. म्हणजे पहिल्या फेरीनंतर घाण अर्धी, दुसरीनंतर पाव, आणि सातव्या फेरीनंतर एकशे अठ्ठावीसावा भाग, एक टक्क्याहूनही कमी. मिस्त्रींनी हिशेब ऐकून घेतला. "पाण्याचा हिशेब बरोबर, सर. पण तेल भिंतीला धरून बसतं. त्याला तुमचा भागाकार कळत नाही." दिवस दुसरा, फेऱ्या नऊ झाल्या, तेव्हा कुठे बाहेर पडणाऱ्या पाण्यातून बादलीचा तळ दिसला.

रबरी पाइपांनी सरांना सर्वांत जास्त चकवलं. बाहेरून ते नव्यासारखेच होते. मिस्त्रींनी वरचा पाइप हातात देऊन दाबायला सांगितला. तो भिजलेल्या पोळीसारखा मऊ लागला, आणि टोकाकडे क्लिपच्या दोन्ही बाजूंनी फुगलेला होता. कूलंटचे पाइप ज्या रबराचे असतात ते ईपीडीएम गरम पाणी आणि वाफ वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेल शोषून फुगतं. तेलाचे पाइप वेगळ्या रबराचे असतात, नायट्राइलचे. ज्याला जे सोसतं त्यासाठी तो केलेला. हे पाइप धुऊन पुन्हा बसवणारे गॅरेजवाले आहेत. गाडी त्या दिवशी चालते आणि पुढच्या उन्हाळ्यात घाटात पाइप क्लिपेतून निसटतो. पाइप, डब्याचं झाकण आणि थर्मोस्टॅट नवे घातले. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं कूलंट. बोअरचं पाणी नाही, त्यातल्या क्षारांचा थर पुन्हा त्याच बारीक नळ्यांत बसतो.

उरलेली घाण दोन मोठ्या कॅनमध्ये भरून बाजूला ठेवली होती. वापरलेलं तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं, ते परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचं असतं. आणि ग्लायकोल चवीला गोड लागतं, विष असून. रस्त्यावरची कुत्री ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. मिस्त्रींच्या गॅरेजसमोर दोन कुत्री होती. सोडलेलं पाणी ते एकदाही गटारात जाऊ देत नव्हते, ते बहुधा नियमापेक्षा या दोघांसाठी.

सर तीन आठवड्यांनी परत आले, तेव्हा गाडी खंबाटकी दोनदा चढून आली होती. मधल्या काळात ते रोज सकाळी, गाडी गार असताना, डब्यात पांढऱ्या टिश्यूची पट्टी बुडवून बघत. पहिल्या आठवड्यात पट्टीच्या कडेला तेलाची पुसट रेघ यायची. मिस्त्रींनी पाणी आणखी एकदा बदलून दिलं, त्यानंतर रेघ नाही. या वेळी मिस्त्रींनी पट्टी न बुडवताच टॉर्चने डब्यात बघितलं आणि झाकण लावलं.

खिडकीत लोणच्याची एक रिकामी बरणी होती. पहिल्या दिवशी निघालेल्या सायीचा नमुना मिस्त्रींनी तिच्यात भरून ठेवला होता, वेगळं होतंय का बघायला. वर बोटभर काळं तेल तरंगून आलं होतं. खाली सगळं तसंच, बदामी, एकजीव. शेजारच्या चहावाल्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा ग्लास न्यायला आला, बरणीपाशी थबकला आणि विचारू लागला, "काका, ही कॉफी कुणाची?" मिस्त्रींनी ग्लास त्याच्या हातात दिले, बरणीचं झाकण पिळून घट्ट केलं आणि स्टुलावर चढून ती सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या गॅस्केटच्या मागे, सरकवून ठेवली.